आधी घुशी, मग इंजिन

शेतातलं जुनं इंजिन पुन्हा चालू करायचं मनात असेल तर पाना उचलायच्या आधी सब्बल उचला आणि इंजिनाखालचा चौथरा चारी बाजूंनी ठोकून पाहा. सगळीकडे ठण्ण वाजला तर उत्तम. एखाद्या कोपऱ्यात ढब्ब वाजला तर खाली घुशीनं घर केलंय, आणि तुमचं पहिलं काम इंजिनाचं नाही.

मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत फिटर होतो. निवृत्तीनंतर मोहप्याजवळ मामीच्या वावरात जाऊन-येऊन असतो. नोकरीत डिझेल इंजिनं भरपूर खोलली, पण तिथं खाली पक्की फरशी होती. शेतात मशीनखाली काय चाललंय ते कुणी पाहत नाही. लोक इंजिन गाडीत घालून नागपूरला नेतात, रिंगा बदलतात, हिरवा रंग मारतात आणि आणून त्याच पोकळ चौथऱ्यावर बसवतात. मग फाउंडेशनचा बोल्ट तुटतो, पट्टा उतरत राहतो आणि शिव्या मेकॅनिकला.

मामीचं इंजिन लिस्टर पद्धतीचं आहे: एक सिलिंडर, दोन भलीमोठी चाकं, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. मूळ नमुना इंग्लंडचा, १९३० च्या आसपासचा. पुढं राजकोटकडच्या कारखान्यांनी तो इतका ओतला की विदर्भातल्या कित्येक विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांवर तोच पुकपुकत असे. मामांच्या काळात सगळी संत्र्याची बाग या इंजिनावर भिजायची. मग मोटर आली, आणि इंजिन शेडमध्ये कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यांआड गेलं. आता थ्री-फेज लाईन काही दिवस रात्रीच येते आणि मे महिन्यात आंबिया बहाराची फळं झाडावर असताना दुपारी पाणी द्यायचं तर हाताशी काहीतरी पाहिजे. मामीचं म्हणणं सरळ होतं : "पोट्टे म्हणतात सोलर घे. घेईन ना. पण इंजिन हाय तं त्याले सडू काहून देऊ?"

बिळं वाचायला शिका

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फिरा, सकाळी लवकर. ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसला आणि बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवलेलं असलं, तर ती घूस. शेतातली ही लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस. गावातल्या गटारात आणि गोदामात दिसणारी मांजराएवढी घूस वेगळी. लहान घूस एका बिळात बहुतेक एकटीच राहते, पिल्लं असली तरच गर्दी. बिळाला तोंडं मात्र अनेक, आणि आत धान्याची वेगळी कोठी. मऊ केसांचा शेतउंदीर निराळा. तो काळ्या मातीला पडलेल्या भेगांमध्येच संसार थाटतो, मोठा ढीगबीग काही टाकत नाही, म्हणून तो आहे हे कळायलाच वेळ लागतो. ठिबकच्या नळ्यांना तिरपे दातांचे काप दिसले तर समजा कुणीतरी आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. नळी मऊ, वर आत पाणी.

जिवंत बिळं मोजायची रीत सोपी आहे आणि कृषी सहायकही हीच सांगतील. संध्याकाळी दिसतील ती सगळी तोंडं टाचेनं माती लोटून बुजवा. सकाळी जी पुन्हा उघडली किंवा ज्यांच्यावर नवी माती आली, ती जिवंत. शेजारी एक काडी खोचून ठेवा. बाकीच्यांवर विष, वेळ आणि पैसा घालवू नका. मामीच्या शेडभोवती बिळं दिसायला पुष्कळ होती, पण जिवंत निघाली ती बहुतेक विहिरीकडच्या बाजूला आणि चौथऱ्याच्या बुडाशी. कारण उघड होतं : तिथं पंपाच्या गळतीनं ओल, वर सावली आणि शेजारी कुटार.

बिळात हात घालायचा नाही. रिकाम्या बिळात नाग, घोणस, मण्यार, कुणीही मुक्कामाला असू शकतं. पायात गमबूट, हातात चामडी मोजे आणि उकरायला लांब दांड्याचं फावडं. धामण दिसली तर तिला वाट द्या. ती बिनविषारी आहे आणि तुमचंच काम फुकटात करते. गायीचं दूध पिते वगैरे ऐकलं असेल, ते सोडून द्या. घुबडाचंही तसंच. अपशकुन म्हणून हाकलण्यापेक्षा वावरात टी आकाराचे पक्षीथांबे रोवा, रात्री गव्हाणी घुबड त्यावर बसून उंदीर टिपतं.

कधी आणि कसं मारायचं

सोयाबीनची सवंगणी झाली की उंदीर हरभऱ्यात आणि गव्हात सरकतात. तेव्हा समोर भरलेलं ताट असतं, तुमच्या आमिषाला कोण विचारतो. एप्रिल-मेमध्ये वावरं उघडी पडतात, खायला काही उरत नाही, आणि सगळी फौज धुरे, बागा आणि शेड एवढ्याच जागी गोळा होते. हीच वेळ. पावसाळा लागला की पैदास वाढते. घूस साधारण तीन आठवडे गाभण राहते आणि एका वेतात पाच-सात पिल्लं सहज देते, त्यामुळे मे महिन्यातली एक मादी म्हणजे दिवाळीतली मोठी डोकेदुखी.

दुसरी गोष्ट : शेजाऱ्यांना सोबत घ्या. एकट्यानं मोहीम केली तर मोकळी झालेली बिळं पलीकडच्या धुऱ्यावरचे उंदीर पावसाआधी भरून टाकतात. आमच्या बाजूला तीन बांधकरी तयार झाले, चौथा नाही म्हणाला, आणि आजही त्याच्याच बाजूनं उंदीर येतात.

विष वापरायचं तर झिंक फॉस्फाईड हे जुनं आणि जालीम. करड्या-काळ्या रंगाची भुकटी असते, वास थोडा लसणासारखा. परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच घ्या आणि पाकिटावरची पत्रिका पूर्ण वाचा. पहिले दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून बिळात टाकायचा, विष नाही. उंदीर संशयी असतो, नवीन खाणं आधी चाखून पाहतो. चटक लागली की मग खरं आमिष : ज्वारी किंवा गव्हाचा भरडा ९६० ग्रॅम, खायचं तेल २० ग्रॅम, झिंक फॉस्फाईड २० ग्रॅम. हे एक किलो झालं. कागदाच्या पुडीत दहा-दहा ग्रॅम बांधून जिवंत बिळात आतपर्यंत सारायचं, म्हणजे शंभर बिळं होतात. वर उघड्यावर एक दाणाही राहता कामा नये. मोहप्याकडे मोर फिरतात, कुत्री असतात, गुरं असतात.

मिसळायचं काठीनं, हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून, मोकळ्यावर, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून. पाणी लावायचं नाही. ओल आणि आम्ल लागलं की यातून फॉस्फीन वायू सुटतो. उंदराच्या पोटात तेच होतं आणि माणसाच्याही. यावर उतारा नाही. घरातलं पातेलं, चमचा, काही वापरायचं नाही, लागलेला डबा आणि उरलेलं आमिष खोल पुरून टाकायचं. कुणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपचारात वेळ न घालवता १०८ ला फोन करा, नागपूरजवळ असाल तर थेट मेडिकल किंवा मेयो हे सरकारी दवाखाने गाठा, आणि विषाचं पाकीट सोबत न्या.

झिंक फॉस्फाईडचा एक दोष आहे. जे उंदीर थोडं खाऊन वाचतात ते पुन्हा त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून ते लगोलग दुसऱ्यांदा टाकणं फुकट. आठ-दहा दिवसांनी परत बिळं बुजवून मोजा आणि जी जिवंत राहिली तिथं ब्रोमॅडिओलोनचं तयार आमिष टाका. ते रक्त गोठू देत नाही आणि उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो, त्यामुळे तो आमिषाशी संबंध जोडत नाही. पण मेलेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर विष त्यांनाही बाधतं. रोज सकाळी फिरून मेलेले गोळा करा आणि खोल पुरा. माणसाला याची बाधा झाली तर डॉक्टरांकडे व्हिटॅमिन के हा उपाय असतो, तेवढा फरक.

कुणी अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ‘आणून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. त्या सर्वसामान्य शेतकऱ्याला विकायला परवानगीच नाही, सरकारी देखरेखीखाली किंवा मान्यताप्राप्त कीड नियंत्रणवाल्यांनीच वापरायच्या आहेत.

शेडमध्ये आणि विहिरीच्या काठावर मी कुठलंच विष वापरू देत नाही. विष खाल्लेला उंदीर कुठं जाऊन मरेल सांगता येत नाही, आणि विहिरीत पडलेला उंदीर पिण्याच्या पाण्याचा सत्यानाश करतो. तिथं पिंजरे आणि चिमटे. आमिष म्हणून भजं लावा, नागपूरचा उंदीर भज्याला नाही म्हणत नाही. पिंजरा आधी दोन रात्री उघडाच ठेवायचा, आत-बाहेर करू द्यायचं, मग स्प्रिंग लावायची.

चालू इंजिनाच्या सायलेन्सरला पाईप जोडून धूर बिळात सोडायची युक्ती बरेच जण सांगतात. शेडमध्ये हा उद्योग करू नका. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, आणि तो जमिनीखालून चौथऱ्याच्या फटीतून परत तुमच्याच नाकात येतो. याच कारणासाठी इंजिन विहिरीतल्या पायरीवर किंवा खड्ड्यात उतरवून चालवणंही नको. पाणी खाली गेलं म्हणून इंजिन खाली उतरवल्यानं माणसं गेल्याच्या गोष्टी जुन्या लोकांना विचारा.

साळिंदरानं बागेत बीळ केलं असेल तर त्याला हात लावू नका, तो वन्यजीव कायद्याखाली येतो. वनविभागाला कळवा.

चौथरा

शेड रिकामी करा. कुटाराची पोती तिथं पुन्हा ठेवायची नाहीत, हा नियम आजच करून टाका. लेंड्या आणि घरट्यांचा कचरा कोरड्या झाडूनं उडवू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून भिजवा, रबरी मोजे घालून फावड्यानं भरा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि हाताला जखम असली तर तो सहज आत जातो.

आता इंजिन उतरवायचं. चेन-पुली आणि मजबूत तिकाटणं नसेल तर हे काम करूच नका. नुसतं एक चाकच दोन माणसांना भारी पडतं. इंजिन बाजूला झालं की पोकळ कोपरा फोडा आणि बिळाचा माग शेवटपर्यंत उकरा. कोपऱ्यात काँक्रीट ओतून तोंड बुजवलं की झालं, असं समजणारे पुढच्या वर्षी परत उकरतात.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. चौथरा तिच्यावरच टेकलेला असेल तर घूस नसली तरी तो वर्षातून दोनदा हलणार. म्हणून काळी माती सगळी काढून खाली मुरूम लागेपर्यंत जा. मोहप्याच्या बाजूला काळा पाषाण आहे, मुरूम फार खोल नसतो. मोकळा खड्डा दगड आणि मुरमानं थरांत भरून, पाणी मारून ठोकून घ्या. वर १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी). बोल्टसाठी खड्डे सोडा आणि बोल्टांच्या जागा इंजिनाच्या बुडावरून कागदाचा नमुना काढूनच आखा, मापपट्टीवर विसंबू नका.

चौथऱ्याभोवती दीड-दोन फूट खोल चर खणून त्यात बारीक डोळ्याची जाड तारजाळी उभी पुरा. डोळा करंगळी जाणार नाही एवढाच. जाळीचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उकरत येणारी घूस त्यावर अडते. जाळी, बोल्ट, पंपाच्या शाफ्टभोवतीच्या ग्लँडचं पॅकिंग हे सगळं नागपूरच्या इतवारीत एका फेरीत मिळून जातं. काँक्रीटवर ओली गोणपाटं टाकून किमान आठवडाभर, मे असेल तर त्याहून जास्त दिवस भिजवत राहा, आणि इंजिन महिन्याभरानंतरच चालवा. हा महिना वाया जात नाही, इंजिन खोलायला तेवढा लागतोच.

इंजिन

चाक जोर लावून फिरवू नका. आधी पाहा. हवेची नळी, सायलेन्सर, रॉकर कव्हर, क्रँककेसचं दार, सगळं उघडा. मामीच्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये कापूस, कुटार आणि पोत्याचे नायलॉन धागे गच्च ठोसलेले होते. एवढं असताना इंजिन लागलं असतं तरी श्वास कुठून घेणार? उंदराच्या मुतानं लोखंड चरतं, म्हणून घरटं जिथं असेल तिथला पत्रा नीट तपासा.

पिस्टन जाम असेल तर डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल समसमान मिसळून ओता आणि विसरून जा. रोज सकाळी चाक पुढे-मागे एवढंसं हलवायचा प्रयत्न करा. चार दिवसांत हललं तर नशीब. पंधरा दिवसांतही हललं नाही तर हेड काढा. हेडचे नट तिरप्या जोडीनं, थोडे-थोडे ढिले करायचे, एकदम एका बाजूचे नाही. पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोका. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर मारणाऱ्याला मी शेडमध्ये पाय ठेवू देत नाही.

पिस्टन निघाला की नवीन रिंग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजनं मोजा. ढोबळ हिशेब असा : बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). साडेचार इंच बोअरला चौदा ते अठरा थाऊ. खूपच जास्त आली तर रिंग नाही, लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर झिजलंय. ते टर्नरकडे न्यायचं.

व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टनं घासा, आधी जाड मग बारीक, सीटवर एकसारखा करडा पट्टा उमटेपर्यंत. मग हेड उलटं करून पोर्टमध्ये डिझेल ओता आणि चहा पिऊन या. व्हॉल्व्हच्या कडेनं पाझर दिसला तर परत घासा. स्प्लिट पिन जुनी वापरायची नाही, कितीही चांगली दिसली तरी.

या राजकोटी इंजिनांत एक खास गोष्ट सापडते : क्रँककेसच्या आत ओतकामातली वाळू. कोपऱ्यात, रंगाखाली चिकटलेली असते आणि वर्षानुवर्षं तेलात उतरून बेअरिंग खाते. सगळं तेल काढा, तारेच्या ब्रशनं घासा, डिझेलनं धुवा आणि स्वच्छ फडक्यानं पुसा. फडकं पांढरं निघेपर्यंत. मग एसएई ३० तेल भरा, भर उन्हाळ्यात ४० चालेल.

चाकाची चावी, म्हणजे चाक शाफ्टवर पक्कं धरणारी पाचर, हा माझा आवडता विषय आहे, कारण तिच्याकडे कुणी पाहत नाही. गिब चावी ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठक असा आवाज येतो, लोक बेअरिंग गेलं म्हणून इंजिन खोलतात. त्याहून वाईट म्हणजे ढिल्या चावीवर फिरणाऱ्या चाकाच्या तुंब्याला तडा जातो. चाकाचा मधला भाग डिझेलनं पुसा, वर खडूची पूड लावा, तडा असेल तर तेलकट रेघ उमटते. तडा दिसला तर ते चाक भंगारात, वेल्डिंग करून वापरणारे जिवावर उदार झालेले असतात. चावीचं बाहेर आलेलं डोकं धोतर, दुपट्टा, शर्टाची बाही, काहीही पकडतं. त्यावर पत्र्याची टोपी लावा.

डिझेलची टाकी काढून आतला काळा गाळ धुवा, फिल्टर बदला. डिझेल पंप आणि नोझल नागपुरात पंप-नोझलवाल्याकडे द्या, घरी खोलू नका. त्याच्याकडे टेस्टरवर फवारा पाहा : धुक्यासारखा बारीक, नेमका तुटणारा, कर्र असा आवाज करणारा हवा. टपकणारं नोझल परत घेऊ नका. आणि फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि पुढं बोट कापावं लागतं.

पाण्याच्या जॅकेटमध्ये विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर बसलेला असतो. कोमट पाण्यात लिटरला पन्नास-साठ ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून जॅकेट भरा, फेस येतो, तो थांबला की ओतून भरपूर धुवा. थंड करायला ड्रम लावणार असाल तर इंजिनाच्या वरच्या नळीचं तोंड ड्रममध्ये पाण्याच्या पातळीखालीच राहिलं पाहिजे. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, त्या फिरण्यावरच सगळं आहे. पातळी नळीच्या खाली गेली की फिरणं बंद आणि हेड गरम.

रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग मारला की कुठून तेल गळतंय ते आठ दिवस कळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

बोल्ट घट्ट करून झाले की पट्टा चढवायच्या आधी इंजिन मोकळंच चालवायचं. कंप्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) मोकळं करणारी डीकंप्रेशन लिव्हर वर करून चाक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांचं असतं, कुठं काही अडत असेल तर इथंच कळेल. मग लिव्हर पाडून कंप्रेशनपर्यंत आणा आणि सोडा : चाक उसळून मागं यायला हवं. फुसफुस ऐकू आली तर कान लावा. हवेच्या नळीत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये असेल तर एक्झॉस्ट, क्रँककेसमध्ये असेल तर रिंगा.

डिझेल पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, बोटानं सरकवून पाहा. ती पूर्ण मोकळी हवी, अजिबात चिकटता कामा नये. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पंपाची रॅक फुल्ल डिझेलवर चिकटली आणि इंजिन लागलं, तर वेग आवरणारा गव्हर्नर काही करू शकत नाही, इंजिन सुसाट सुटतं. म्हणून एक माणूस हवेच्या नळीजवळ लाकडी फळी घेऊन उभा करा. सुटलंच तर फळी नळीच्या तोंडावर दाबायची. हवा बंद झाली की इंजिन मरतं. डिझेलचा कॉक बंद करून थांबायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात चाक फुटू शकतं. चाकांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरं तर शेडच्या बाहेर.

हवा काढा : फिल्टरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल जाऊ द्या, मग नोझलकडचा नट ढिला करून हँडल मारा, डिझेल थेंब-थेंब आलं की घट्ट.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, विळखा घालू नका. उलटा फटका बसला तर हात मोकळा सुटला पाहिजे. हँडलची खाच आणि शाफ्टवरची पिन कुठं घासून खरखरीत झाली असेल तर कानसीनं गुळगुळीत करा. इंजिन लागल्यावर हँडल आपोआप निसटलं नाही तर ते चाकासोबत फिरत राहतं आणि मग कुठं उडेल सांगता येत नाही.

धूर पाहा. पांढरा असेल तर डिझेल जळत नाहीये, इंजिन गार आहे किंवा कंप्रेशन कमी. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा भार जास्त. नवीन रिंगा टाकल्या असतील तर पहिले काही तास हलका भार द्या, पण तासन्‌तास रिकामं पुकपुकत ठेवू नका, रिंगा बसत नाहीत.

पंप जोडताना पुलीचा हिशेब करा. इंजिन ६५० फेऱ्यांचं, पंप १४५० च्या आसपासचा. इंजिनाला अठरा इंची पुली असेल तर पंपाला आठ इंची बसते. दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून दोरी ताणा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पट्ट्याला जाळीचं कुंपण हवंच. पंपानं पाणी ओढायची उंची सहा-साडेसहा मीटरच्या आत ठेवा, त्यापुढं नळीच्या बुडाचा फूट व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी पंप दम टाकतो. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी गळू द्या, पूर्ण कोरडा आवळला तर शाफ्ट घासतो. पण त्या थेंबांना नळीनं थेट बागेत काढा. चौथऱ्याशी ओल साचली की घुशी परत आल्याच.

मामीच्या शेडमध्ये आता एक दिनक्रम ठरला आहे. आठवड्यातून एकदा लाईन असो-नसो इंजिन अर्धा तास भारावर चालतं. बंद केल्यावर पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि आत दमट हवा शिरत नाही. सायलेन्सरवर डबा उपडा, हवेच्या नळीवर तारजाळी. आणि अमावास्येला, तारीख लक्षात राहते म्हणून, संध्याकाळी शेडभोवतालची सगळी तोंडं टाचेनं बुजवायची. सकाळी मामी मला फोन करून आकडा सांगते. मागच्या वेळी चौथऱ्याजवळ एकही नव्हतं, धुऱ्यावर मात्र चौथ्या बांधकऱ्याच्या बाजूला ताजी माती होती. त्याच्याकडे आता तिनंच बोलायला जायचं ठरवलंय. मी गेलो तर तो मला इंजिनाविषयीच विचारत बसतो.